एअरपोर्टवर सिक्युरिटी गार्डची नोकरी: अर्जापासून पास जमा करेपर्यंत

एअरपोर्टवर सिक्युरिटीत लागायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो उंची किती लागते, छाती किती लागते. ते जिथे अर्ज करताय तिथल्या जाहिरातीतच लिहिलेलं असतं, त्यात डोकं घालण्यासारखं काही नाही. स्वतःला विचारायचं ते वेगळंच. तीन-चार तास बॅगा बघून झाल्यावर पुढची बॅग तेवढ्याच लक्षाने बघता येईल का, आणि रोज शेजारी बसून जेवणारा माणूस गेटवर आला तर त्याचा पास अनोळखी माणसाचा तपासतो तसा तपासायला जीभ रेटेल का. माझ्या मते ही सगळी नोकरी या दोन गोष्टींवर उभी आहे, बाकीचं ट्रेनिंगमध्ये शिकवतात आणि ते शिकताही येतं. म्हणून पायरीपायरीने लिहितोय खरं, पण या दोन गोष्टी मध्येमध्ये परत येतील.

आधी नोकरी नेमकी कुठली ते बघा

एअरपोर्टवर युनिफॉर्ममधला प्रत्येक माणूस एकच काम करत नसतो. ढोबळ दोन प्रकार पडतात. एक स्क्रीनर, म्हणजे प्रवासी आणि सामान तपासणारा, एक्स-रे मशीनवर आणि मेटल डिटेक्टरपाशी असतो तो. दुसरा गार्ड, जो गेट, कुंपण, कार्गो, गाड्यांचं फाटक, स्टाफचा दरवाजा, उभं असलेलं विमान अशा ठिकाणी ड्युटी करतो. काही ठिकाणी एकाच माणसाला दोन्ही करायला लागतं. स्क्रीनिंग कोण करतं हे देशावर अवलंबून आहे, अमेरिकेत २००१ च्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर त्यासाठी टीएसए ही वेगळी सरकारी संस्थाच काढली, भारतात मोठ्या एअरपोर्टवर सीआयएसएफचे जवान असतात, युरोपात बऱ्याच ठिकाणी खाजगी कंपन्यांची माणसं असतात. पण सगळ्यांचं मूळ एकच, आयकाओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं अॅनेक्स १७, जे १९७४ मध्ये मंजूर झालं. त्यामुळे एका देशात शिकलेलं काम दुसरीकडे अगदीच वाया जात नाही, पण सर्टिफिकेट मात्र त्या त्या देशाचं घ्यावंच लागतं.

जाहिरात वाचताना पोस्ट स्क्रीनरची आहे की गार्डची, शिफ्ट फिरती आहे का, ट्रेनिंगचा खर्च कोण करणार आणि ट्रेनिंगच्या काळात पगार मिळतो का, एवढं आधीच विचारून घ्या, जमलं तर लेखी घ्या. पास मिळवून देतो म्हणून कोणी मधला माणूस पैसे मागत असेल तर तिथूनच मागे फिरा, कारण एअरपोर्टचा पास तपासणी झाल्यावर अधिकृत यंत्रणाच देते, तो विकत मिळत नसतो.

अर्ज आणि पार्श्वभूमीची तपासणी

इथे बरेच जण अडकतात, आणि गंमत म्हणजे गुन्हा वगैरे असल्यामुळे नाही तर कागद जुळत नसल्यामुळे. प्रतिबंधित भागात काम करणाऱ्या प्रत्येकाची बॅकग्राउंड चेक होते, युरोपच्या नियमात तर मागच्या किमान ५ वर्षांची नोकरी, शिक्षण आणि मधल्या मोकळ्या काळाचा पण हिशोब द्यायला लागतो. म्हणून अर्जाच्या आधी एक कागद घ्या, मागची पाच-सात वर्षं महिन्यांसकट मांडा, कुठे काम केलं, कुठे शिकत होतो, कुठे घरीच होतो. घरी होतो तर घरी होतो असं सरळ लिहा. सगळ्या ओळखपत्रांवर नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख एकसारखी आहे का बघा, नसेल तर आधी ती दुरुस्ती करून घ्या मग अर्ज करा, नाहीतर फाईल महिनोन्‌महिने पडून राहते. आणि जुनी एखादी केस असेल तर लपवू नका, लपवलेली सापडली की केस काय होती हे कोणी विचारत नाही, खोटं बोलला म्हणून अर्ज बाद.

मेडिकलमध्ये नजर, रंग ओळखता येणं, ऐकू येणं आणि तासन्‌तास उभं राहता येणं हे बघतात. रंगाचं विशेष, कारण एक्स-रेचं चित्र रंगांवरच वाचायचं असतं. चष्मा असला तरी बहुतेक ठिकाणी चालतं, पण नंबर ताजा काढून घ्या.

ट्रेनिंगमध्ये कशावर जोर द्यायचा

ट्रेनिंगमध्ये कायदा, वस्तूंच्या याद्या, मशीन, झडतीची पद्धत, आणीबाणी असं सगळं असतं आणि शेवटी परीक्षा. पाठांतरावर भर देणारे परीक्षेत पास होतात आणि पोस्टवर गोंधळतात, कारण कुठला नियम कशासाठी आला हे माहीत नसलं की प्रवाशाने "का?" विचारल्यावर तोंडातून "वरून ऑर्डर आहे" एवढंच निघतं.

प्रवासी चढला नाही तर त्याची बॅगही विमानातून उतरवायची, हा नियम घ्या. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं कनिष्क विमान अटलांटिकवर फुटलं, ३२९ माणसं गेली, बॉम्ब असलेली बॅग चढली होती आणि ती देणारा माणूस विमानात नव्हताच. २१ डिसेंबर १९८८ ला लॉकरबीवर पॅन अॅमचं विमान पाडलं तेव्हा स्फोटकं सोबत प्रवासी नसलेल्या सुटकेसमधल्या रेडिओ-कॅसेट प्लेअरमध्ये भरलेली होती, २७० माणसं मेली. द्रव पदार्थांचा १०० मिलीचा नियम ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमध्ये उघड झालेल्या कटानंतर आला, त्यात पेयांच्या बाटल्यांमधून द्रव स्फोटकं नेण्याचा बेत होता. हे सगळं डोक्यात असलं की दिवसभरात शंभरावी बाटली बाजूला काढताना पण आपण उगाच कोणाला त्रास देतोय असं वाटत नाही.

शिफ्ट सुरू होताना

ब्रीफिंगला वेळेच्या आधी पोचा. आज काय विशेष आहे, कोणते पास हरवलेत किंवा रद्द झालेत, कुठलं गेट बंद आहे हे तिथेच कळतं. मग पोस्टवर जाऊन आधीच्या माणसाकडून चार्ज घेताना नुसतं "काय नाही ना?" "काय नाही" असं करू नका. रजिस्टर वाचा, चाव्या मोजा, वॉकी-टॉकीवर कंट्रोल रूमला आवाज देऊन बघा, मशीनची टेस्ट केलेली आहे का ते बघा. मेटल डिटेक्टरला ठरलेल्या टेस्ट-पीसने तपासतात आणि एक्स-रेला टेस्ट-केसने, ही नोंद नसेल तर आपल्या डोळ्यासमोर टेस्ट करून घ्या मगच सही करा. सही केली की ती पोस्ट तुमची, नंतर "मला आधीच्याने सांगितलंच नाही" हे कोणी ऐकून घेत नाही.

एक्स-रे स्क्रीनवर

या पोस्टवर जरा जास्त लिहितो, कारण बाहेरून सगळ्यात सोपी वाटते आणि आतून सगळ्यात अवघड आहे.

रंगांचा हिशोब असा. नारिंगी म्हणजे सेंद्रिय, कागद, कपडे, खाण्याचे पदार्थ, साबण, बरीचशी प्लास्टिकं, आणि बहुतेक स्फोटकं पण याच रंगात दिसतात म्हणून नारिंगी गठ्ठा दिसला की त्याची जाडी आणि कडा बघायच्या. हिरवा म्हणजे मधला प्रकार, मिश्र वस्तू किंवा अॅल्युमिनियमसारखा हलका धातू. निळा म्हणजे लोखंड-तांब्यासारखा जड धातू. काळा म्हणजे किरण पलीकडे गेलेच नाहीत, आणि तिथे अंदाज करायचा नाही, बॅग वळवून परत घालायची, तरी कळलं नाही तर उघडायची. लॅपटॉप वेगळा काढायला लावतात तो याच्यासाठीच, बॅटरी आणि सर्किट इतकं दाट असतं की त्याच्याखाली काय आहे ते झाकलं जातं. नवीन सीटी मशीन बॅगेचं त्रिमितीय चित्र दाखवतात, तिथे बऱ्याच एअरपोर्टवर लॅपटॉप आत ठेवला तरी चालतो.

आता खरी अडचण. हजारो बॅगांमध्ये काहीच नसतं. आणि माणसाच्या डोळ्याचा स्वभाव असा आहे की जी गोष्ट फार क्वचित सापडते ती समोर आली तरी सुटते. म्हणून मशीन स्वतःच अधूनमधून खोटी बंदूक, खोटा बॉम्ब बॅगेच्या चित्रात टाकतं, त्याला टिप म्हणतात, आणि तुम्ही पकडलं की नाही याचा रेकॉर्ड राहतो. नवीन पोरं याला घाबरतात, साहेब आपल्याला अडकवतायत असं त्यांना वाटतं. असं नाहीये, त्यानेच तर डोळा जागा राहतो, मी तर म्हणतो सुटलेलं प्रत्येक चित्र नंतर सुपरवायझरकडून परत मागून बघा आणि ते का सुटलं हे शोधा, आडवं होतं म्हणून, की लॅपटॉपखाली होतं म्हणून, की तेव्हा शेजारच्याशी गप्पा चालू होत्या म्हणून.

युरोपात सलग २० मिनिटांपेक्षा जास्त वेळ स्क्रीनवर बसू देत नाहीत, मग दुसरी पोस्ट. तुमच्याकडे रोटेशन असेल तर ते घ्याच, "मी अजून बसतो, तू जा" ही मैत्री इथे कामाची नाही. बघण्याची एक ठरलेली पद्धत लावून घ्या. मी नवीन लोकांना सांगतो आधी पूर्ण बॅग एका नजरेत, मग कडा आणि चाकं-हँडलचा भाग, मग दाट डाग, मग वायर कुठून कुठे जाते, प्रत्येक बॅगेला याच क्रमाने, मागे रांग कितीही लांब असली तरी. बेल्ट थांबवायचं बटण तुमच्या हातात दिलेलं आहे, ते वापरायला लाजायचं नाही.

अंगझडती

पुरुषाची झडती पुरुषाने, बाईची बाईने, याला अपवाद नाही. आधी तोंडाने सांगा मग हात लावा, "हात बाजूला करा, मी पाठीवरून तपासतोय" इतकं बोललं तरी समोरच्याचं अंग सैल पडतं. वरून खाली एक क्रम ठरवा, कॉलर, बाह्या, काख, पाठ, कंबरपट्टा, पायाची आतली बाजू, घोटे. कंबर आणि घोटे घाईत सुटतात. डिटेक्टर वाजला तर कारण सापडेपर्यंत सोडायचं नाही, "पट्टा असेल" असं म्हणून तर अजिबात नाही, पट्टा काढायला लावा आणि परत फिरवा.

कोणी पेसमेकर आहे म्हटलं तर हातातला डिटेक्टर छातीवर धरू नका, हाताने झडती घ्या. गरोदर बाई मशीनला घाबरत असेल तर तिला शांतपणे सांगा की मेटल डिटेक्टरच्या दरवाजात एक्स-रे नसतो, तरीही नको म्हणाली तर हाताने झडती. व्हीलचेअर, कृत्रिम पाय, धार्मिक पोशाख, यांची तपासणी पडद्याआड, सोबत दुसरा कर्मचारी ठेवून. तपासणी कमी करायची नाही, लोकांसमोर करायची नाही एवढंच.

बॅग उघडताना

बॅग नेहमी मालकासमोर उघडायची. आधी तीन प्रश्न, बॅग तुमचीच का, तुम्हीच भरली का, आत टोकदार काही आहे का. तिसरा प्रश्न तुमच्या बोटांसाठी आहे, हातमोजे असले तरी विचारा. स्क्रीनवरच्याने जी जागा दाखवली तिथून सुरुवात करा पण ती वस्तू मिळाल्यावर थांबू नका, स्क्रीनवर दिसलेली आणि हातात आलेली वस्तू एकच आहे का ते बघा, शंका असेल तर ती काढून बॅग परत मशीनमध्ये.

वाद जास्त होतात ते दोन गोष्टींवरून. पहिली बाटली. २०० मिलीच्या बाटलीत तळाला दोन घोट राहिलेत, प्रवासी म्हणतो हे तर १०० पेक्षा कमीच आहे. नियम बाटलीच्या मापाचा आहे, आतल्या पाण्याचा नाही, हे एकदा नीट समजावलं की बहुतेक लोक ऐकतात. औषधं आणि बाळाचं दूध यांना सूट असते पण तपासून.

दुसरी पॉवर बँक. ती चेक-इन सामानात चालत नाही, केबिनमध्येच न्यायची, आणि मर्यादा वॉट-अवरमध्ये असते, १०० पर्यंत साधारण परवानगी, १०० ते १६० एअरलाइनला विचारून, त्याच्या वर नाही. काहींवर फक्त एमएएच लिहिलेलं असतं, मग गणित सोपं आहे, एमएएच गुणिले व्होल्ट भागिले १०००. व्होल्ट बहुधा ३.७, म्हणजे २०,००० ची बँक ७४ वॉट-अवर, चालते. ३०,००० ची १११, एअरलाइनला विचारावं लागणार. हे गणित तोंडी यायलाच पाहिजे. छापील अक्षर पूर्ण पुसलेलं असेल तर अंदाजाने सोडू नका, सुपरवायझरला बोलवा.

हातावर किंवा बॅगेवर कापडी पट्टी फिरवून स्फोटकांचे कण तपासणारं मशीन वाजलं म्हणजे समोरचा गुन्हेगार झाला असं नाही. ग्लिसरीन असलेलं हँड क्रीम, खत, हृदयाची नायट्रोग्लिसरीनची गोळी, यांनीही अलार्म येऊ शकतो. चेहरा बदलू नका, आवाज चढवू नका, ठरलेली पुढची तपासणी पूर्ण करा.

स्टाफचा दरवाजा

मला विचाराल तर सगळ्या एअरपोर्टवरची सगळ्यात महत्त्वाची पोस्ट ही, आणि नेमकी इथेच नवख्या माणसाला उभं करतात. प्रवासी एकदा येतो आणि जातो, स्टाफ दिवसात चार वेळा येतो, हसतो, नावाने हाक मारतो.

"अरे मी रोजचाच, काय पास बघतोस?"
"रोजचेच आहात म्हणूनच लगेच होईल साहेब, दाखवा."

एवढंच बोलायचं, हसून बोलायचं आणि हात पुढे करून पास हातात घ्यायचा. फोटो आणि चेहरा, मुदत, कुठल्या झोनची परवानगी आहे, आणि पास रद्द झालेल्यांच्या यादीत नंबर आहे का. मग त्याचं सामान मशीनमध्ये.

७ डिसेंबर १९८७ ला अमेरिकेत पीएसए या एअरलाइनचं १७७१ नंबरचं विमान कोसळलं, ४३ माणसं गेली. नोकरीवरून काढलेला एक एअरलाइन कर्मचारी जुन्या ओळखपत्राच्या जोरावर तपासणी चुकवून पिस्तूल घेऊन विमानात चढला होता, कार्ड परत घेतलेलंच नव्हतं. आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये मोगादिशूहून उडालेल्या डालो एअरलाइन्सच्या विमानात लॅपटॉपमधला बॉम्ब फुटला, तेव्हा सीसीटीव्हीत दिसलं की तो लॅपटॉप सिक्युरिटी चेकच्या पलीकडे एअरपोर्टवर काम करणाऱ्याच्या हातून दिला गेला. विमान कसंबसं उतरलं, मेला तो फक्त बॉम्ब नेणारा. दोन्ही ठिकाणी प्रवाशांची रांग तपासून उपयोग नव्हता.

एकाच्या पासवर दुसरा मागोमाग घुसतो ते पण इथलंच दुखणं. दार धरून ठेवायचं नाही, समोर कितीही मोठा अधिकारी असला तरी. तो रागावला तर रजिस्टरमध्ये वेळ आणि काय झालं ते लिहा, तुमची बाजू तुमचं रजिस्टर मांडतं.

बाकीच्या पोस्ट

बाहेर जाण्याच्या वाटेवर उभं असाल तर उलट दिशेने कोणाला आत येऊ देऊ नका, "मोबाईल राहिला आत" म्हणून पळत येणारे रोज असतात. एक माणूस न तपासता आत घुसला आणि सापडला नाही तर पूर्ण हॉल रिकामा करून सगळ्यांची परत तपासणी करायची पाळी येऊ शकते, उड्डाणं थांबतात ती वेगळीच. घुसलाच तर त्याच्यामागे धावत पोस्ट उघडी टाकू नका, कंट्रोलला लगेच वर्णन द्या, कपडे, बॅग, कुठे वळला.

गाड्यांच्या फाटकावर ड्रायव्हर खाली, बॉनेट, डिकी, सीटखाली, आरशाने गाडीचा तळ, सोबत बसलेल्या प्रत्येकाचा पास. कुंपणाच्या फेरीला तार, खालची माती, जवळ ठेवलेली शिडी किंवा रचलेले खोके, बंद पडलेला दिवा, सगळं बघून तिथल्या तिथे कळवायचं.

विमानाजवळ ड्युटी असेल तर चमकणारं जॅकेट आणि कानाला संरक्षण पाहिजेच. विमानावरचा लाल दिवा लुकलुकत असेल तर इंजिन चालू आहे किंवा होणार आहे असं धरा आणि लांब राहा. टोपी, कागद, पिशवी, काही उडू देऊ नका.

बेवारस बॅग आणि धमकीचा फोन

हात लावायचा नाही, हलवायची नाही, पायाने ढकलायची नाही. आधी आजूबाजूला मोठ्याने विचारा बॅग कोणाची, बऱ्याचदा मालक तिथेच जवळपास असतो. कोणी आलं नाही आणि बॅग लपवून ठेवल्यासारखी असेल, वायर दिसत असेल, त्या जागेला शोभत नसेल तर लोकांना लांब करा, आडोशाला घ्या, आणि वॉकी-टॉकी किंवा मोबाईल बॅगेजवळ वापरू नका, लांब जाऊन कंट्रोलला सांगा. पुढचं बॉम्ब पथकाचं काम. धूर निघत असेल तर बहुधा बॅटरी असते, तिथेही लोक लांब करणं पहिलं, मग अग्निशमन.

धमकीचा फोन तुमच्याच हातात आला तर ठेवू नका, बोलतं ठेवा. कुठे, कधी, दिसायला कसं, कशासाठी, हे विचारा आणि त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा, मागे गाडीचा, मशीनचा, लहान मुलाचा आवाज येतोय का ते पण लिहा. खरा की खोटा हे ठरवणं तुमचं काम नाही.

चिडलेला प्रवासी

विमान सुटायची भीती, झोप नाही, मूल रडतंय, माणूस ओरडतो. तुमच्यावर नाही ओरडत, तुम्ही समोर असता म्हणून ओरडतो. आवाज त्याच्यापेक्षा खाली ठेवा, वाक्य छोटी ठेवा, काय करायचं ते सांगा. "असं नाही चालणार" पेक्षा "बॅग इथे ठेवा, दोन मिनिटात होईल" हे जास्त काम करतं. पण एक लक्षात ठेवा, मुद्दाम भांडण काढून तुमचं लक्ष दुसरीकडे वळवणारे पण असतात, म्हणून एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी आपापल्या पोस्टवर नजर ठेवायची, सगळ्यांनी मिळून तमाशा बघायचा नाही. आणि बॉम्बवरून कोणी चेष्टा केली तरी ती चेष्टा म्हणून सोडायची नाही, कळवायचं.

शरीर आणि पुढची नोकरी

पायात चांगल्या सोलचे बूट, इथे पैसे वाचवू नका, टाच आणि कंबर बोलायला लागली की मन लागत नाही. रात्रपाळीआधी दुपारी झोप काढाच, पहाटे तीन-चारच्या सुमारास डोळे सगळ्यात जड होतात, तेव्हा रोटेशन मागून घ्या, जागेवर उभे राहा, पाणी प्या. झोप अनावर झाली तर सुपरवायझरला सांगा, डुलकी लागून पोस्टवर झोपण्यापेक्षा ते शंभर पट बरं.

सर्टिफिकेटला मुदत असते, रिफ्रेशर ट्रेनिंग आणि पास नूतनीकरण दोन्हीच्या तारखा मोबाईलमध्ये महिनाभर आधीच्या लावून ठेवा, मुदत संपली की त्याच दिवसापासून पोस्टवर उभं राहता येत नाही. वर जायचं असेल तर शिफ्ट इनचार्ज, ट्रेनर, तपासणी पथक असे रस्ते आहेत, आणि तिथे बढती देताना टिपचा स्कोर आणि रजिस्टरमधल्या स्वच्छ नोंदी कामी येतात. पास हरवला तर शोधत बसू नका, लगेच कळवा म्हणजे तो रद्द होईल. नोकरी सोडाल त्या दिवशी पास आणि युनिफॉर्म जमा करा आणि जमा केल्याची पावती घेऊनच बाहेर पडा.